पदावलीचे वाचन आणि गृहपाठाची मदत

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तांत मुलांच्या गणिताच्या वहीत पदावली हा प्रकार येतो. संख्या आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांची चिन्हे एका ओळीत मांडून तिची एकच किंमत काढायची असते, तेव्हा त्या मांडणीला पदावली म्हणतात. आणि तिच्यातील कोणती क्रिया आधी व कोणती नंतर करायची हे सांगणाऱ्या नियमांना क्रियांचा क्रम म्हणतात. गृहपाठ करताना मूल येथे हमखास अडते, आई-वडिलांकडे किंवा शिकवणीच्या बाईंकडे मदत मागते आणि त्या मदतीत त्याला बहुधा एकच गोष्ट मिळते : ‘कंचेभागुबेव’ हा शब्द. तो पाठ कर आणि त्याप्रमाणे कर, एवढे सांगितले की मोठ्यांचे काम संपते. पुढच्या चार उदाहरणांपैकी तीन बरोबर येतात, एक चुकते, आणि चुकलेल्याला ‘निष्काळजीपणा’ हे नाव मिळते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ती चूक क्वचितच निष्काळजीपणाची असते. सूत्र क्रियांची रांग लावून देते, पण पदावलीची रचना दाखवत नाही. आणि ज्या मुलाला रचना दिसत नाही त्याला रांग पाठ असूनही उपयोग होत नाही. म्हणून या विषयातली खरी मदत म्हणजे पदावली वाचायला शिकवणे, आणि तिच्या नियमांपैकी कोणता भाग सकारण आहे व कोणता केवळ संकेत आहे हे मुलापासून न लपवणे.

सूत्राचा उलगडा सोपा आहे. ‘कं’ म्हणजे कंस, ‘चे’ म्हणजे ‘६ चे १/३’ यासारख्या मांडणीतला ‘चे’, नंतर भागाकार, गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी. कंसांतही आतून बाहेर जाण्याची रीत ठरलेली असते : आधी रेघी कंस, म्हणजे संख्यांच्या डोक्यावर ओढलेली रेघ, मग साधा, मग महिरपी आणि शेवटी चौकटी. सेमी इंग्रजी वर्गात बसणारे मूल हेच सूत्र ‘बॉडमास’ या नावाने शिकून येते, तर अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरातील मुलाला ते ‘पेम्डास’ या रूपात मिळते, ज्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. तेथे भागाकार आधी म्हणणारे वडील आणि गुणाकार आधी म्हणणारी मुलगी एकाच वहीवर वाद घालू लागतात, आणि दोघांपैकी एकाचे सूत्र चुकीचे असणार असे दोघांनाही वाटते. वास्तविक दोन्ही सूत्रांतील गुणाकार आणि भागाकार समान दर्जाचे आहेत, तसेच बेरीज आणि वजाबाकीही. अक्षरे एकामागे एक उच्चारावी लागतात म्हणून एकाला आधी जागा मिळाली, इतकेच. परंतु सूत्र ही गोष्ट सांगत नाही आणि पाठांतर करणाऱ्याला ती आपणहून कळण्याचा काही मार्ग नसतो.

या ठिकाणी थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण सर्वांत अधिक चुका येथेच होतात. १० − ३ + २ ही पदावली घ्यावी. ‘बेव’ या अक्षरांवर विसंबणारे मूल आधी बेरीज करते, ३ + २ = ५ लिहिते, १० मधून ५ वजा करते आणि ५ हे उत्तर देते. बरोबर उत्तर ९ आहे. त्यावर सर्वसाधारणपणे जी मदत मिळते ती अशी, की ‘बेरीज-वजाबाकी एकत्र आल्या तर डावीकडून उजवीकडे जायचे’. म्हणजे एका नियमाला दुसऱ्या नियमाचे ठिगळ लागते आणि मुलाच्या दृष्टीने पहिला नियम खोटा ठरतो. पण तसे मानण्याचे कारण नाही. बेरीज आधी करूनही उत्तर ९ च येते, मात्र त्यासाठी बेरीज कशाकशाची हे नीट पाहावे लागते. या पदावलीत मिळवायच्या संख्या १० आणि २ आहेत, वजा करायची संख्या ३ आहे. १० आणि २ मिळून १२, त्यातून ३ गेले, उरले ९. मुलाने क्रम चुकवला नव्हता, त्याने ३ पासून त्याचे वजाचे चिन्ह तोडले होते. चिन्ह हे त्याच्या उजवीकडच्या संख्येचे असते, दोन संख्यांच्या मधल्या रिकाम्या जागेचे नसते, ही एक गोष्ट ज्याला समजली त्याला ‘बेव’ आधी की ‘वबे’ आधी हा प्रश्नच पडत नाही. किंबहुना बेरजा आधी गोळा करण्याला एक व्यावहारिक कारणही देता येते : ५ − ८ + ६ मध्ये डावीकडून निघालेल्या मुलाला दुसऱ्याच पायरीवर ऋण संख्या भेटते, जी त्याने अजून शिकलेली नसते, ५ आणि ६ आधी मिळवून ११ मधून ८ काढले तर ती अडचण येत नाही.

गुणाकार-भागाकाराच्या जोडीचे वागणे याहून मजेदार आहे. १२ ÷ ३ × २ मध्ये भागाकार आधी केला तर ४ × २ म्हणजे ८ मिळतात, आणि ४ × ६ ÷ ३ मध्ये भागाकार आधी केला तरी ४ × २ म्हणजे ८ च मिळतात, जे डावीकडून गेल्यावरही आले असते. भागाकार प्रथम करणे हे कधीच धोक्याचे नसते, कारण भागणाऱ्या संख्या आपापले काम उरकून गेल्या की मागे केवळ गुणाकार उरतात आणि गुणाकार कोणत्याही क्रमाने करता येतात. म्हणजे ‘कंचेभागुबेव’ शब्दशः पाळले तरी ‘भागु’ हा भाग मुलाला दगा देत नाही, ‘बेव’ हा भाग देतो. आणि ‘पेम्डास’ शब्दशः पाळणाऱ्या मुलाला दोन्ही भाग दगा देतात, कारण १२ ÷ ३ × २ मध्ये आधी ३ × २ करून तो २ या उत्तरावर पोचतो. तेथेही चुकीचे मूळ तेच : ३ च्या मागचे भागाकाराचे चिन्ह सुटले. ज्याला ‘१२ ने आणि २ ने गुणायचे, ३ ने भागायचे’ असे वाचता आले, तो २४ भागिले ३ करील किंवा ४ गुणिले २ करील, चुकणार नाही. या सूत्रांविषयीचे वाद किती वरवरचे असतात हे यावरून दिसावे.

मग गुणाकार-भागाकार हे बेरीज-वजाबाकीच्या आधी का? या प्रश्नाला ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर देणे हा मुलावर अन्याय आहे, कारण येथे सांगण्यासारखे खरोखर आहे. वाण्याच्या दुकानातील बिल पाहावे. तीन वह्या प्रत्येकी ४० रुपयांच्या आणि दोन पेने प्रत्येकी १० रुपयांची, हा हिशेब ३ × ४० + २ × १० असा लिहिला जातो; बिलाच्या प्रत्येक ओळीत एक गुणाकार असतो आणि तळाशी बेरीज. वह्यांचे १२० आणि पेनांचे २० मिळून १४० होतात. कोणी ४० मध्ये २ मिळवून पुढे गेला तर तो रुपयांत पेनांची संख्या मिळवत आहे, हे दहा वर्षांच्या मुलालाही पटते. गुणाकाराने जोडलेल्या संख्यांचा मिळून एक गट होतो, त्यालाच पद म्हणतात. बेरीज आणि वजाबाकी ही पदांच्या मधली चिन्हे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या सातवीच्या नव्या ‘गणित प्रकाश’ या पाठ्यपुस्तकात पदावलीचे वाचन पदांच्या आधारे शिकवले आहे, आणि तो बदल स्वागतार्ह आहे. पदे ओळखण्याची सवय मुलाला खरे तर आधीपासून असते, कारण ३४७ हा आकडाच मुळी ३ × १०० + ४ × १० + ७ अशी पदावली आहे. दशमान पद्धतीत संख्या लिहिणारा प्रत्येक जण गुणाकार आधी आणि बेरीज नंतर हा क्रम न बोलता पाळत असतो. बीजगणितातही गुणाकारांची बेरीज हीच नेहमीची मांडणी असते. नेहमी लागणारी मांडणी कंसांशिवाय लिहिता यावी आणि क्वचित लागणारीला कंस पडावे, या सोयीसाठी हा क्रम रूढ झाला असे म्हणणे योग्य होईल.

परंतु सोय म्हणजे निसर्गनियम नव्हे, आणि येथेच मदत करणाऱ्याने प्रामाणिक असले पाहिजे. आजची चिन्हे एकाच वेळी जन्मलेली नाहीत. अधिक आणि वजाची चिन्हे १४८९ मध्ये योहानेस विडमान याच्या लाइपझिग येथे छापलेल्या पुस्तकात दिसतात. बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये आणले. गुणाकाराची फुली विल्यम ऑट्रेड याच्या १६३१ च्या ग्रंथात आहे. आणि भागाकाराचे ÷ हे चिन्ह योहान रान याने १६५९ मध्ये वापरले. अशा रीतीने दोनशे वर्षांत तुकड्यातुकड्याने गोळा झालेल्या लिपीचे वाचन कसे करायचे याचे संकेतही हळूहळूच ठरत गेले आणि काही ठरायचे राहून गेले. १९१७ मध्ये एन. जे. लेनेस या अमेरिकन गणितज्ञाने दाखवून दिले, की पाठ्यपुस्तके गुणाकार-भागाकार डावीकडून उजवीकडे करायला सांगतात, पण बीजगणित प्रत्यक्ष लिहिणारे लोक तसे वाचत नाहीत. गणिती चिन्हांचा इतिहास लिहिणाऱ्या फ्लोरियन काजोरी यांनीही १९२८ मध्ये नोंदवले, की ÷ आणि × एकाच पदात आले तर आधी कोणते घ्यायचे याबाबत एकमत नाही. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच याने तर क्रियाचिन्ह संख्यांच्या आधी लिहिण्याची अशी पद्धत १९२० च्या दशकात मांडली, की जिच्यात कंसही लागत नाहीत आणि क्रमाचा नियमही लागत नाही. त्याच पद्धतीचे उलटे रूप वापरणारी गणकयंत्रे १९७२ पासून खिशात मावू लागली. यावरून एवढे निश्चित होते, की क्रियांचा क्रम हा संख्यांचा गुणधर्म नसून लिहिण्याच्या पद्धतीचा गुणधर्म आहे.

२०१९ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेली ८ ÷ २(२ + २) ही पदावली याच न ठरलेल्या जागेवर बोट ठेवते. डावीकडून जाणाऱ्याला १६ मिळतात, कंसाला चिकटलेला २ कंसापासून न तोडणाऱ्याला १ मिळतो, आणि दोन्ही पक्ष एकमेकांचे गणित कच्चे असल्याचे सांगतात. ‘कंचेभागुबेव’ शिकलेल्या वाचकाला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे समजायला अवघड जाऊ नये, कारण त्याच्या सूत्रातील ‘चे’ नेमके हेच करतो : १२ ÷ ६ चे १/३ यात ६ चे १/३ म्हणजे २ आधी काढले जातात आणि उत्तर ६ येते, पण ‘चे’च्या जागी × लिहिले तर तीच पदावली २/३ ही किंमत देते. चिन्ह न लिहिता केलेला गुणाकार हा चिन्ह लिहून केलेल्या गुणाकारापेक्षा घट्ट मानायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यावर गणकयंत्रे बनविणाऱ्यांचेही एकमत नाही. गणिती चिन्हांच्या आयएसओ ८००००-२ या आंतरराष्ट्रीय मानकाने ÷ हे चिन्ह वापरूच नये असे सुचवले आहे आणि तिरप्या रेघेनंतर त्याच ओळीत गुणाकार येत असेल तर कंस घालायला सांगितले आहे. अशी पदावली गृहपाठात आली तर मुलाला ‘ही नीट लिहिलेली नाही, येथे कंस हवा होता’ असे स्पष्ट सांगणे हेच शिक्षण आहे. संदिग्ध वाक्य लिहिणाऱ्याचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारून गुण कापणे समर्थनीय ठरत नाही.

आता वहीकडे वळावे, कारण रचना न दिसण्याचा पुरावा उत्तरापेक्षा मधल्या ओळींत अधिक असतो. १८ − ६ ÷ ३ हे उदाहरण सोडवताना पाचवीतले मूल पुष्कळदा असे लिहिते : १८ − ६ ÷ ३ = ६ ÷ ३ = २ = १८ − २ = १६. उत्तर बरोबर आहे, क्रमही बरोबर आहे, तरीही या ओळीत २ आणि १६ समान असल्याचे लिहिले गेले आहे. बरोबरचे चिन्ह मुलाच्या लेखी ‘आता उत्तर लिहितो’ या अर्थाचे झाले आहे. दोन्ही बाजूंची किंमत एकच, हा त्याचा खरा अर्थ हरवला आहे. तपासणाऱ्याने उत्तरावर खूण करून पान उलटले तर ही सवय आठवीपर्यंत जाते आणि समीकरणे शिकताना महागात पडते. उपाय साधा आहे. दर ओळीत संपूर्ण पदावली लिहायची, तिच्यातील केवळ एक पद बदलायचे आणि बाकीचे जसेच्या तसे खाली उतरवायचे : पहिल्या ओळीत १८ − ६ ÷ ३, दुसऱ्या ओळीत १८ − २, तिसऱ्या ओळीत १६. त्याआधी पदांखाली रेघा ओढायला लावल्या, म्हणजे १८ खाली एक आणि ६ ÷ ३ खाली दुसरी, तर क्रमाचा प्रश्न पडण्यापूर्वीच मिटतो. अशा मदतीला सूत्र सांगण्यापेक्षा दहा मिनिटे अधिक लागतात, आणि संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या आई-वडिलांना ती दहा मिनिटे जड जातात हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती एकदाच द्यावी लागतात.

उत्तर जुळले म्हणजे समजले, या समजुतीने या विषयाचे सर्वाधिक नुकसान केले आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव असतो, गाईडमध्ये मागे उत्तरे असतात, आणि आता प्रश्नाचे छायाचित्र काढताच पायऱ्यांसह उत्तर दाखवणारे मोबाइल अॅपही हाताशी असते. ६ + १२ ÷ ३ − १ ही पदावली घेतली तर तिची किंमत ९ येते. (६ + १२) ÷ ३ − १ ची किंमत ५ येते, ६ + १२ ÷ (३ − १) ची १२ येते, आणि (६ + १२) ÷ (३ − १) ची पुन्हा ९. म्हणजे मूळ पदावलीत बेरीज आणि वजाबाकी आधी करून मग भागाकार करणारे, अर्थात सूत्र पूर्णपणे उलटे वापरणारे मूल येथे बरोबर उत्तर लिहील आणि कोणतीही उत्तरसूची त्याला पकडू शकणार नाही. अॅपने दाखवलेल्या पायऱ्या वाईट नसतात, अनेकदा त्या घाईत सांगितलेल्या पायऱ्यांपेक्षा स्वच्छ असतात, पण ज्या क्षणी मुलाने ‘कोणती पदे’ हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता तो क्षण त्यांनी आधीच ओलांडलेला असतो. दुकानातल्या साध्या गणकयंत्रावर २ + ३ × ४ ही बटणे ओळीने दाबली तर २० दिसतात आणि मोबाइलवर १४ दिसतात, कारण साधे यंत्र दाबलेली क्रिया तेव्हाच करून मोकळे होते आणि मोबाइल पूर्ण पदावली वाचतो. हा फरक मुलासमोर ठेवून ‘असे का झाले’ विचारणे हा पंचवीस उदाहरणांच्या गृहपाठापेक्षा चांगला गृहपाठ आहे.

चिन्हांच्या आधीही क्रमाचा विचार होताच, आणि तो किती बारकाईने होता हे भारतीय गणितात दिसते. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त व्यस्तविधी सांगितला आहे, म्हणजे शेवटच्या उत्तरावरून उलट पावलांनी मूळ संख्येकडे जाण्याची रीत : गुणले असेल तेथे भागायचे, मिळवले असेल तेथे वजा करायचे, वर्ग केला असेल तेथे वर्गमूळ काढायचे, आणि हे सर्व शेवटून सुरुवातीकडे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तेव्हा हे गणित महाराष्ट्राच्या मातीत शिकवले गेले आहे असे म्हणता येते. ‘लीलावती’तील एक प्रश्न असा, की एका संख्येला ३ ने गुणले, गुणाकारात त्याचाच ३/४ भाग मिळवला, ७ ने भागले, आलेल्यातून त्याचाच १/३ वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढून ८ मिळवले आणि १० ने भागले, तर २ उरले. उलट निघाले की २० , १२, १४४, १९६, १४ असे मागे जाता येते, आणि तेथे खरी परीक्षा होते : १/३ वजा झाला होता म्हणून १४ चा १/३ मिळवून चालत नाही, १४ चा १/२ मिळवावा लागतो, कारण जो भाग गेला तो २१ चा होता. तसेच पुढे १४७ मधून ३/४ न काढता ३/७ काढावे लागतात, मग ८४ आणि अखेर २८ मिळतात.

हीच उलटी वाट सातवी-आठवीत एकचल समीकरणांच्या रूपाने परत येते आणि ‘गुणाकार-भागाकार आधी’ एवढेच घोकलेले मूल तेथे अडखळते. ३ × क्ष + ५ = २० सोडवताना त्याला आधी ५ वजा करायला सांगितले जाते व मग ३ ने भागायला, आणि आजवर शिकलेला नियम येथे मोडला असे त्याला वाटते. ते मूल नियमाप्रमाणे आधी भागायला गेले तर २० ला आणि ३ × क्ष ला भागते, ५ ला विसरते, आणि उत्तर चुकते. ५ लाही भागले असते तर अपूर्णांकांतून का होईना ते ५ याच उत्तराला पोचले असते. डावी बाजू ही दोन पदांची आहे, बांधताना शेवटी ५ मिळवले गेले, म्हणून सोडताना ५ आधी निघतो, एवढे ज्याला दिसते त्याला दोन नियम शिकावे लागत नाहीत. म्हणून ‘लीलावती’तला तो प्रश्न सातवीच्या मुलाला सोडवायला देण्याआधी आजच्या चिन्हांत एका ओळीत लिहायला द्यावा. साधा, महिरपी आणि चौकटी हे तिन्ही कंस त्याला लागतील, वर्गमूळाच्या चिन्हाची रेघ कोठवर न्यायची हे ठरवावे लागेल, आणि त्याने प्रत्येक कंस कोठे उघडला व कोठे मिटवला हे पाहून त्याला कोठे मदत हवी आहे ते तपासणाऱ्याला २८ या उत्तराची वाट न पाहता कळेल.